स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ३,५८४ बाइट, टीव्हीच्या किरणापुढे राहून

प्रकरण एका खेळाचे आहे. यंत्र ४८ केचे झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर रिसर्चने १९८२ मध्ये आणलेला घरगुती संगणक. भारतात परवान्याने निघालेला डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस याच कुळातला. खेळाची खिडकी १२८ ओळी उंच आहे, काळ्या पार्श्वभूमीवर १६ बाय १६ पिक्सेलचे बारा स्प्राइट, म्हणजे छोटी चित्रे, हलतात, आणि अपेक्षा सेकंदाला २५ चित्रांची आहे, तीही लुकलुक न होता. पहिल्या आवृत्तीत चित्र आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, तयार व्हायचे आणि मग एलडीआयआर (बाइटांची रांग एकीकडून दुसरीकडे नेणारा प्रोसेसरचा आदेश) वापरून ओळीओळीने पडद्यावर जायचे. खेळ चालत होता, पण सेकंदाला जेमतेम १७ चित्रांच्या गतीने, आणि खिडकीच्या वरच्या अर्ध्यात एक आडवी फाट दिसायची. फाटेच्या वर नवे चित्र, खाली जुने.

अशा वेळी हात आधी स्प्राइटच्या रूटीनकडे जातो. या प्रकरणात दोष तिथे नव्हता. वेळ खात होती ती बफरपासून पडद्यापर्यंतची ने-आण.

आधी वेळेचा हिशेब. झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो. टी-स्टेट म्हणजे त्याच्या घड्याळाचा एक ठोका. टीव्हीची एक ओळ २२४ टी-स्टेटची, एका फ्रेममध्ये (टीव्हीच्या एका पूर्ण फेरीत) ३१२ ओळी, म्हणजे ६९,८८८ टी-स्टेट. सेकंदाला २५ चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी दोन फ्रेम मिळतात: १,३९,७७६ टी-स्टेट. त्यातच ने-आण, बफर पुसणे, स्प्राइट काढणे, टकरी तपासणे आणि आवाज.

एलडीआयआर एका बाइटला २१ टी-स्टेट घेते, शेवटच्या बाइटला १६. खिडकी २८ स्तंभ रुंद धरली तर एका ओळीला ५८३, आणि पुढच्या ओळीचा पत्ता काढायला आणखी साधारण ६०. नुसत्या ५८३ ला १२८ ने गुणले तरी ७४,६२४ होतात, म्हणजे एका फ्रेमहून जास्त. आणि हा आकडासुद्धा खोटा आशावाद आहे, कारण त्यात यूएलए धरलेली नाही.

यूएलए ही पडद्याचे चित्र टीव्हीला पुरवणारी चिप. ती १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांची मेमरी प्रोसेसरबरोबर वाटून घेते, आणि दोघांना एकदम हवी असली की प्रोसेसरचे घड्याळ थांबवते. याला कंटेन्शन म्हणतात. चित्राच्या १९२ ओळींत, प्रत्येक ओळीच्या २२४ पैकी १२८ टी-स्टेट हा अडथळा असतो. त्या काळात आठ-आठ टी-स्टेटचा ठेका चालतो: ठेक्याच्या कितव्या टी-स्टेटला तुम्ही मेमरी मागता त्यावर ६, ५, ४, ३, २, १, ० किंवा ० टी-स्टेट थांबावे लागते. वरची-खालची बॉर्डर आणि ओळींच्या बाजूचा वेळ मोकळा.

एलडीआयआर इथे दुहेरी मार खाते. बाइट लिहून झाल्यावर ती आतली आकडेमोड करायला सात टी-स्टेट घेते, आणि त्या सातही टी-स्टेटमध्ये पत्तावाहिनीवर पडद्याचाच पत्ता उभा असतो. यूएलएला वाटते प्रोसेसर अजून मेमरी मागतोय, म्हणून ती पुन्हा पुन्हा अडवते. ठेक्यावर मांडून पाहिले तर अडथळ्याच्या काळात एका बाइटचे २१ चे ४८ होतात. एका वेळी एकच बाइट नेणाऱ्या सुट्या एलडीआयचे १६ चे २४. पुशला (स्टॅकवर दोन बाइट ठेवणाऱ्या आदेशाला) मात्र लिहून झाल्यावर अशी शेपटी नाही. अडथळ्याच्या काळात ओळीने पुश केले तर प्रत्येकी ११ चे १६ होतात, आणि त्यात दोन बाइट जातात.

हे सगळे धरून एलडीआयआरची पूर्ण खेप लाखभर टी-स्टेटपर्यंत जाते. दोन फ्रेमच्या अंदाजपत्रकातले जवळजवळ तीन चतुर्थांश एवढ्यातच संपते. उरलेल्यात बारा स्प्राइट बसत नाहीत, काम तिसऱ्या फ्रेमवर सांडते आणि गती १६.७ वर येते. फाटेचे उत्तरही यातच आहे. इंटरप्ट, म्हणजे दर फ्रेमच्या सुरुवातीला प्रोसेसरला मिळणारा इशारा, आल्यापासून चित्राची पहिली ओळ सुरू व्हायला ६४ ओळींचा वेळ, म्हणजे १४,३३६ टी-स्टेट असतात. तेवढ्यात एलडीआयआर फक्त २२ ओळी टाकते. त्यानंतर टीव्हीचा किरण दर २२४ टी-स्टेटला एक ओळ उतरतो आणि एलडीआयआरला एका ओळीला नऊशेच्या आसपास लागतात. किरण तिला गाठतो, ओलांडतो, आणि जिथे ओलांडतो तिथे फाट.

एलडीआयआरऐवजी ओळीने २८ एलडीआय लिहिणे ही सगळ्यांना सुचणारी पहिली सुधारणा. तिने खेप ७० हजारांच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण फ्रेम. फाट खिडकीच्या २९ व्या ओळीवरून ४५ व्या ओळीच्या आसपास सरकते. जात नाही.

स्टॅकवरून ने-आण, आणि गटाची रुंदी

झेड८० वर मेमरी हलवायची सर्वात वेगवान सोय स्टॅक आहे, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायची मेमरीतली रास. पॉप १० टी-स्टेटमध्ये दोन बाइट उचलते, पुश ११ मध्ये दोन ठेवते. मिळून बाइटला साडेदहा. स्टॅक पॉइंटर (एसपी, राशीच्या टोकाचा पत्ता) बफरवर लावायचा, रजिस्टरे (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) भरून घ्यायची, मग पॉइंटर पडद्यावर लावून उलट्या क्रमाने ओतायची. पॉइंटर लावण्याचे एलडी एसपी दर वेळी १० टी-स्टेट घेते, आणि ते एका गटाला दोनदा लागते. म्हणून एका गटात जितकी जास्त रजिस्टरे तितका हा खर्च वाटला जातो, असे वाटते. आयएक्स, आयवाय, दोन्ही एएफ, सगळी धरून २० बाइटचा गट करायचा मोह इथूनच होतो.

हिशेब मांडला की मोह उतरतो. बीसी, डीई, एचएल आणि त्यांचे पर्यायी संच मिळून सहा जोड्या, १२ बाइट: संच बदलणारे ईएक्सएक्स दोनदा धरून १५४ टी-स्टेट, बाइटला १२.८३. त्यात साधा एएफ वाढवला तर नुसते २१ वाढतात: १४ बाइटला १७५, म्हणजे बरोबर १२.५. पर्यायी एएफ घ्यायचा तर ईएक्स एएफ दोनदा लागते, म्हणून त्या दोन बाइटसाठी २९ मोजावे लागतात: १६ बाइटला २०४, सरासरी पुन्हा १२.७५. आयएक्स आणि आयवायच्या आदेशांना प्रत्येकी ४ जादा असल्याने तिथेही २९ च. दहाही जोड्या वापरल्या तर २० बाइटला २६२, म्हणजे १३.१. सरासरीहून महाग बाइट गटात घातले तर सरासरी वरच जाणार. चौदा बाइटचा गट सर्वात स्वस्त, आणि त्यात आयवायला हातही लागत नाही.

खिडकीची रुंदी २८ स्तंभ ठेवली ती यासाठी: एका ओळीला बरोबर दोन गट. आधी ३० स्तंभांचे चित्र काढून मग ते बसवायला जाणे हा उलटा उद्योग आहे. दोन स्तंभांचा तुकडा उरला की त्यासाठी दोन एलडी एसपी, एक पॉप, एक पुश, असे ४१ टी-स्टेट दोन बाइटसाठी जातात.

एक गट असा:

एलडी एसपी, स्रोत
पॉप एएफ
पॉप बीसी
पॉप डीई
पॉप एचएल
ईएक्सएक्स
पॉप बीसी
पॉप डीई
पॉप एचएल
एलडी एसपी, पडदा + १४
पुश एचएल
पुश डीई
पुश बीसी
ईएक्सएक्स
पुश एचएल
पुश डीई
पुश बीसी
पुश एएफ

पुश आधी पॉइंटर कमी करते आणि मग लिहिते. म्हणून पडद्याचा पत्ता गटाच्या उजव्या टोकापलीकडचा द्यायचा. एएफमध्ये चित्राचे बाइट ठेवायला बिचकण्याचे कारण नाही: पॉप एएफ आणि पुश एएफ फ्लॅगचे आठही बिट जसेच्या तसे नेतात, आणि मधल्या एकाही आदेशाने फ्लॅग बदलत नाहीत. पुशचा क्रम चुकून पॉपसारखाच ठेवला तर चित्र बाइटच्या जोड्याजोड्यांनी उलटे दिसते. हे ओळखायला खेळाचे चित्र वापरू नका. बफरच्या एका ओळीत १ ते २८ असे आकडे भरा आणि पडद्याच्या पत्त्यांवरून वाचून पाहा.

गट २२ बाइटचा. १२८ ओळींचे २५६ गट, सगळे उलगडून लिहिलेले: ५,६३२ बाइट आणि मोकळ्या वेळेत ४४,८०० टी-स्टेट. एवढा उलगडा उधळपट्टी वाटेल, पण त्याचा एक मोठा फायदा आहे. स्पेक्ट्रमच्या पडद्याची पत्त्यांची रचना कुप्रसिद्ध आहे. ओळ य आणि स्तंभ क्ष यांचा पत्ता १६३८४ + २०४८ × (य ÷ ६४) + २५६ × (य मोड ८) + ३२ × ((य मोड ६४) ÷ ८) + क्ष; भागाकार पूर्णांकी. प्रत्येक पत्ता आधीच आदेशात कोरलेला असला की खेळ चालू असताना या रचनेचा खर्च शून्य. हे २५६ गट हाताने लिहायचे नसतात. पास्मो किंवा एसजॅसमप्लससारख्या असेंब्लरच्या पुनरावृत्तीच्या सोयीने, नाहीतर खेळ सुरू होताना चालणाऱ्या छोट्या रूटीनने ते तयार करायचे. दुसऱ्या मार्गात टेपवरून साडेपाच हजार बाइट कमी लोड करावे लागतात, आणि १९८० च्या दशकातला वापरकर्ता त्याबद्दल दुवा देत असे.

मेमरीत कोण कुठे

प्रोग्रॅम, बफर आणि उलगडलेला कोड, तिन्ही ३२७६८ च्या वर हवेत. कोडच अडथळ्याच्या मेमरीत राहिला तर प्रत्येक आदेश उचलतानाच यूएलए थांबवते आणि वरचे सगळे आकडे निरर्थक होतात. १६ केच्या स्पेक्ट्रममध्ये सगळी रॅम याच पट्ट्यात येते, म्हणून ही पद्धत तिथे पेलत नाही.

बफर ५३२४८ पासून ४,०९६ बाइटचा. खिडकी २८ स्तंभांची असली तरी बफरची ओळ ३२ बाइटची ठेवली आहे. ५१२ बाइट वाया गेल्यासारखे दिसतात, पण त्यातून दोन गोष्टी मिळतात. ओळ ३२ च्या पटीवर सुरू होत असल्यामुळे एका ओळीत पुढे सरकताना ६ टी-स्टेटच्या इंक एचएलऐवजी ४ टी-स्टेटचे इंक एल चालते. ओळीच्या मध्ये २५६ ची हद्द कधीच येत नाही. दुसरे म्हणजे डावीकडचे स्तंभ ० आणि १, उजवीकडचे ३० आणि ३१ हे पडद्यावर जातच नाहीत. खिडकीच्या कडेने अर्धा बाहेर गेलेला स्प्राइट तिथे बिनधास्त काढायचा. कापण्याचे वेगळे काम उरत नाही. स्प्राइटचा डावा स्तंभ ३० झाला की मात्र तो काढायचाच नाही. तो पूर्ण लपलेला असतो, आणि त्याचा तिसरा बाइट ओळीपलीकडे गेल्यावर इंक एल २५६ ची हद्द ओलांडू शकते; पुढच्या सगळ्या ओळी मग चुकीच्या जागी पडतात.

उलगडलेला कोड ५७३४४ पासून. खिडकीची पहिली ओळ पडद्याची ६४ वी, पत्ता १८४३२. स्तंभ २ पासून सुरुवात, म्हणून १८४३४. पहिल्या गटाचा स्रोत ५३२५०, पडद्याचा पॉइंटर १८४४८. दुसऱ्या गटाचे ५३२६४ आणि १८४६२. पुढची ओळ स्रोतात ३२ ने आणि पडद्यावर २५६ ने पुढे.

माहितीची पट्टी वर का

पहिल्या आवृत्तीत खिडकी वर होती आणि गुण, प्राण वगैरेंची पट्टी खाली. नवी ने-आण इंटरप्टबरोबर सुरू केली तर चित्राची पहिली ओळ येईपर्यंत तिच्या ४० ओळी पडलेल्या असतात. ही आघाडी पुरेल असे वाटते, पण पुरत नाही. किरण एका ओळीला २२४ घेतो, कोड मोकळ्या वेळेत ३५० आणि चित्राच्या काळात कंटेन्शन धरून सुमारे ३९०. चाळीस ओळींची आघाडी हळूहळू झिजते आणि खिडकीच्या खालच्या भागात किरण कोडला गाठतोच.

कोड आणखी वेगवान करण्यापेक्षा पट्टी वर नेली. आठ अक्षरओळींची, म्हणजे ६४ ओळींची पट्टी वर, खिडकी तिच्याखाली शेवटपर्यंत. आता किरणाला खिडकीपर्यंत यायला इंटरप्टपासून २८,६७२ टी-स्टेट लागतात आणि तोवर खिडकीच्या ७७ च्या आसपास ओळी तयार असतात. पूर्ण खेप सुमारे ४८,५०० टी-स्टेटला संपते, तेव्हा किरण पडद्याच्या १५२ व्या ओळीवर असतो. शेवटच्या ओळीला अजून ३९-४० ओळी शिल्लक. फाट नाही, आणि त्यासाठी एकही टी-स्टेट खर्च झाला नाही. पडद्याची मांडणी चित्रकाराने आधीच ठरवून टाकलेली असते तिथे हा उपाय सुचवणे अवघड जाते; म्हणून किरणाचा हिशेब चित्रे काढण्याआधी व्हायला हवा.

हे डोळ्यांनी तपासायची जुनी सोय म्हणजे बॉर्डरचा रंग. खेप सुरू होताना पोर्ट २५४ वर २ पाठवून बॉर्डर लाल करायची, संपताना ० पाठवून काळी. लाल पट्टा जिथे संपतो तिथे खेप संपली. बॉर्डरची एक ओळ म्हणजे २२४ टी-स्टेट. इथे लाल रंग १५२ व्या ओळीच्या आसपास थांबायला हवा. तो १७० च्या खाली जाऊ लागला तर खेप उशिरा सुरू होतेय किंवा बफर नकळत ३२७६८ च्या खाली आला आहे. फ्यूजसारखा एम्युलेटर कंटेन्शनसुद्धा पाळतो, म्हणून तिथला पट्टा भरवशाचा. कंटेन्शन न पाळणाऱ्या एम्युलेटरवर सगळेच छान दिसते.

खिडकीतले रंगही बदलत असतील तर रंगांचे ४४८ बाइट, २२७८४ पासूनच्या सोळा ओळींत, याच गटांनी न्यायचे: ३२ गट, ५,६०० टी-स्टेट. प्रत्येक अक्षरओळीच्या आठ पिक्सेलओळींनंतर लगेच तिचे रंग टाकायचे, म्हणजे चित्र आणि रंग किरणाच्या पुढे एकत्रच राहतात. या खेळात रंग स्थिर आहेत, त्यामुळे तो भाग वगळला.

उरलेला वेळ

दोन फ्रेममधून खेप वजा केली की ९१ हजारांच्या वर उरतात. बफर पुसायला एचएलमध्ये शून्य ठेवून ओळीला १६ पुश आणि फेरे मोजणारे डीजेएनझेड: १२८ वेळा १८९, म्हणजे २४,१८७. स्प्राइट आधीच सरकवून ठेवलेले, तीन बाइट रुंद आणि सोळा ओळींचे, मास्क (मागचे कुठे राहू द्यायचे ते सांगणारा बाइट) आणि चित्र आलटूनपालटून. त्यांचाही डेटा स्टॅकवरून उचलायचा: पॉप डीई केले की ई मध्ये मास्क आणि डी मध्ये चित्र. मग बफरचा बाइट ए मध्ये, अँड ई, ऑर डी, परत बफरमध्ये, इंक एल. बाइटला ३६, ओळीच्या शेवटच्या बाइटला ३२, आणि बीसीमध्ये ३० ठेवून अ‍ॅड एचएल, बीसीचे ११. ओळीला ११५, पूर्ण स्प्राइटला १,८४०. बारा स्प्राइट तयारीसकट २४ हजारांच्या आसपास. एक सरकवलेली प्रत ९६ बाइटची. दोन-दोन पिक्सेलने हलणाऱ्यांना चार प्रती पुरतात, ३८४ बाइट. एकेका पिक्सेलच्या आठ प्रती ठेवल्या तर ७६८, आणि बारा वेगळ्या स्प्राइटांना ९,२१६ बाइट जातात. टकरी, हालचाल आणि आवाजाला ४० हजारांहून जास्त टी-स्टेट राहतात. भरपूर आहेत.

अधूनमधूनचा अडखळा

इथपर्यंत खेळ २५ चित्रांवर आला, फाट गेली, आणि नवाच दोष दिसला: मधूनच, काही ठरावीक क्रम नसलेला, एका फ्रेमचा अडखळा. बॉर्डरचा पट्टा मात्र वेळेत संपत होता.

कारण डीआयमध्ये, म्हणजे इंटरप्ट बंद करणाऱ्या आदेशात, होते. स्टॅक पॉइंटर डेटावर असताना इंटरप्ट आला तर प्रोसेसर परतीचा पत्ता त्या डेटावरच लिहितो. ने-आणीत याची भीती नाही. ती इंटरप्टनंतर लगेच सुरू होते आणि पुढच्या इंटरप्टच्या आत संपते, म्हणून तिथे डीआय लावले तरी काही हुकत नाही. पण स्प्राइट काढण्याचे काम दोन फ्रेममध्ये पसरलेले आहे आणि मधला इंटरप्ट त्यातच पडतो. प्रत्येक स्प्राइटभोवती डीआय आणि इंटरप्ट पुन्हा चालू करणारे ईआय होते. स्पेक्ट्रमचा इंटरप्टचा इशारा फक्त ३२ टी-स्टेट टिकतो, आणि झेड८० तो लक्षात ठेवत नाही. १,८४० टी-स्टेटच्या डीआयमध्ये तो आला की गेलाच. फ्रेमचा आकडा एकाने मागे राहतो, मुख्य फेरा पुढच्या हॉल्टवर (इंटरप्टची वाट पाहणाऱ्या आदेशावर) एक फ्रेम जादा थांबतो. स्प्राइटांच्या जागेनुसार काम पुढेमागे होते, म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही.

नुसते डीआय काढून टाकले तर उलट जास्त वाईट होते. परतीचा पत्ता स्प्राइटच्या डेटावर कोरला जातो आणि तो डेटा कायमचा आहे. खेळ जितका वेळ चालेल तितके ठिपके चित्रांवर उमटत जातात.

उपाय इंटरप्टच्या रूटीनमध्येच केला. स्प्राइटच्या रूटीनमध्ये प्रत्येक पॉप डीईमध्येच होते आणि त्यानंतर डी किंवा ई कोणीच बदलत नाही. म्हणजे इंटरप्टने जी दोन बाइट बिघडवली तीच डीईमध्ये शाबूत असतात. ती परत लिहायची:

ईएक्स (एसपी), एचएल
एलडी (परत + १), एचएल
पॉप एचएल
पुश डीई
इंक एसपी
इंक एसपी
एलडी (ठेव + १), एसपी
एलडी एसपी, ६५०२१
… फ्रेम मोजणे, आवाज …
ठेव: एलडी एसपी, ०
ईआय
परत: जेपी ०

पहिल्या तीन आदेशांनी परतीचा पत्ता उचलून शेवटच्या जेपीमध्ये भरला आणि एचएल जसाच्या तसा परत आला. पुश डीईने बिघडलेली दोन बाइट दुरुस्त झाली. दोन इंक एसपीने पॉइंटर मूळ जागी. मग स्वतःचा वेगळा स्टॅक लावून हवे ते काम करायचे. वापराल ती रजिस्टरे, एएफ धरून, त्या स्टॅकवर जपायची. नुसती फ्रेम मोजायची असेल तर हे सगळे सुमारे २०० टी-स्टेटचे. नेहमीच्या कोडमध्ये इंटरप्ट आला तर स्टॅकच्या खालची दोन बाइट डीईने भरली जातात. ती तशीही कोणाच्या कामाची नसतात.

एक फट उरते. स्प्राइटच्या डेटावर पॉइंटर लावल्यानंतर आणि पहिल्या पॉपच्या आधी इंटरप्ट आला तर डेटाच्या अगोदरची दोन बाइट बिघडतात. ती बहुधा आधीच्या प्रतीची शेवटची जोडी असते. म्हणून प्रत्येक प्रतीच्या आधी दोन बाइट रिकामी सोडायची. बफर पुसतानाही तसेच: पॉइंटर ५३२४८ पर्यंत खाली येतो, त्यामुळे ५३२४६ आणि ५३२४७ मोकळी हवीत.

इंटरप्टचा मार्ग आयएम २ चा, म्हणजे रूटीनचा पत्ता मेमरीतल्या तक्त्यातून उचलणारा. आय रजिस्टरमध्ये २५४, आणि ६५०२४ पासून २५७ बाइट सगळी २५३ ने भरलेली. त्यातून पत्ता ६५०२१ निघतो. ६५०२१ ते ६५०२३ ही तीन बाइट, एका जेपीपुरती बरोबर जागा. स्वतःचा स्टॅक ६५०२१ पासून खाली. आयमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा कधीही ठेवू नये: रिफ्रेशच्या वेळी तो पत्ता यूएलएच्या मेमरीतला दिसतो आणि पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उडतात.

मुख्य फेऱ्याचा क्रम असा: हॉल्ट, मग फ्रेमचा आकडा दोन झाला का ते पाहणे, नसेल तर पुन्हा हॉल्ट, असेल तर आकडा शून्य करून ने-आण. आकडा आधी पाहून तो भरला असेल तर हॉल्ट टाळायचा, हे करू नये. काम लांबलेल्या फेऱ्यात ने-आण मग फ्रेमच्या मध्यावर सुरू होते आणि फाट परत दिसते. आवाजाचे काम इंटरप्टमध्ये घातले तर ने-आण तेवढी उशिरा सुरू होते. किरणाच्या पुढची शिल्लक ८,५०० टी-स्टेटच्या वर आहे, त्यामुळे दोन-तीन हजारांचे संगीत सहज खपते.

खेळातून बेसिकमध्ये परतायचे असेल तर दोन रजिस्टरे जपावी लागतात: आयवायमध्ये २३६१० आणि पर्यायी एचएलमध्ये १००७२. आयवायला इथे कोणी हात लावलेला नाही, पण पर्यायी एचएल ने-आणीत दर गटाला बदलतो, म्हणून तो सुरुवातीलाच बाजूला ठेवून शेवटी भरावा लागतो. शिवाय आयएम १ परत लावायचा आणि आयमध्ये ६३.

१२८ केच्या स्पेक्ट्रमवर हाच कोड चालतो, पण आकडे थोडे सरकतात: ओळ २२८ टी-स्टेटची, ओळी ३११, फ्रेम ७०,९०८. चित्राआधी ६४ ऐवजी ६३ ओळी, पण ओळ लांब असल्यामुळे शिल्लक कमी होत नाही. तिथे १, ३, ५ आणि ७ या बँका अडथळ्याच्या आहेत. ४९१५२ च्या वर यांपैकी एखादी बँक लावून ठेवली तर आपला बफर आणि उलगडलेला कोड दोन्ही तिच्याआड जातात. इंटरप्टच्या रूटीनने संगीतासाठी बँक बदलली असेल तर बाहेर पडण्याआधी बँक ० परत लावायलाच हवी. हे विसरले तर लाल पट्टा संपतच नाही. बहुतेकदा यंत्र त्याआधीच कोसळते.